एकखांबी तंबू

आपल्याकडे एखाद्या माणसाचे कौतुक करायचे झाले म्हणजे "अहो, ते आहेत म्हणून हे सारे चालले आहे" असे म्हणण्याची रीत आहे. सत्काराच्या भाषणात हे वाक्य हटकून येते. मग टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होते आणि सत्कारमूर्तीही मान खाली घालून हसते. मला मात्र हे वाक्य ऐकले की त्या मंडळाची काळजी वाटू लागते. ते आहेत म्हणून चालले आहे, याचा सरळ अर्थ ते नसतील त्या दिवशी बंद पडेल असाच होतो ना? मग यात टाळ्या वाजवण्यासारखे काय आहे?

एकखांबी तंबूची ही हौस आपल्या अंगात किती भिनली आहे हे मला एका अगदी नव्या खेळावरून पुन्हा कळले, आणि म्हणून दिवाळीच्या गोडधोडात हा कारल्याचा तुकडा वाढण्याचे धाडस करतो आहे.

खेळ असा. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. त्यातला एक जण गोष्ट सांगणारा. बाकीचे प्रत्येकी एकेक सोंग घेतात: कोणी तलवारबहाद्दर, कोणी जादूगार, कोणी चोर. सांगणारा म्हणतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आला आहात, आतून पाणी ठिबकल्याचा आवाज येतो आहे, काय करता?" आणि प्रत्येक जण आपापल्या सोंगाच्या तोंडून उत्तर देतो. एखादी गोष्ट साधेल की फसेल याची शंका असली की फासा टाकायचा, आणि हा फासा आपल्या सारीपाटासारखा नव्हे, चांगला वीस बाजूंचा! गोष्ट महिनोन् महिने चालते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा पहिला छापील खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला, तेव्हा लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात पहिल्या हजार पेट्या हातांनी भरल्या गेल्या. आता तो आमच्या पनवेलपर्यंत पोचला आहे. जुन्या गावातली, नव्या पनवेलमधली, खारघरची अशी माझ्या ओळखीची काही मुले रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमून खेळतात. त्यांतली दोघे-तिघे एके काळी माझ्या वर्गात होती, म्हणून मलाही कोपऱ्यात खुर्ची मिळते.

खेळ मला आवडला. कादंबरी लिहिणाऱ्याला तो आवडावा यात नवल नाही. फरक इतकाच की माझी पात्रे मी सांगेन तसे वागतात आणि या टेबलावरची अजिबात वागत नाहीत. गोष्ट सांगणाऱ्याने डोंगरावर वाडा बांधून ठेवावा आणि बाकीच्यांनी एकमुखाने समुद्राकडे वळावे, असा प्रकार.

पण मी खेळाबरोबर खेळामागची उठाठेवही पाहत होतो. गोष्ट रचायची कोणी? सांगणाऱ्याने. ठीक. रविवार सकाळ की दुपार हे सहा जणांना विचारायचे कोणी? त्यानेच. जागा मिळवायची त्याने, नकाशा काढायचा त्याने, फासे आणायचे त्याने, नियमांचे जाड पुस्तक पाठ करायचे त्याने, मागच्या वेळी कोण कुठे जखमी झाला होता हे लक्षात ठेवायचे त्याने, नव्या आलेल्याला खेळ शिकवायचा त्याने, रुसलेल्याची समजूत काढायची त्याने, आणि मध्यंतरातल्या वडापावाचे पैसेही बहुधा त्याच्याच खिशातून. बाकीचे पाच जण हात हलवत येत, तलवारी चालवत आणि हात हलवत घरी जात.

मी एकदा त्या मुलाला म्हटले, "अरे, थोडे दुसऱ्यांवर टाक." तो म्हणाला, "सर, मी नाही केलं तर कोणीच करणार नाही." हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर थकवा होता तसेच एक सूक्ष्म समाधानही होते. तेच समाधान मी पुष्कळ कार्यवाहांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

पुढे त्याला पुण्याकडे नोकरी लागली. त्याच्या जाण्यानंतर पंधरा दिवसांत ते मंडळ मोडले. गोष्ट सांगायला दुसरा कोणी तयार नव्हता असे नाही, एक मुलगी तयार होती. परंतु गोष्ट कुठवर आली आहे हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. नकाशे त्याच्या बॅगेत. कोणत्या घरी बसायला चालते आणि कोणाच्या आईला दुपारचा गोंगाट खपत नाही, हे त्याच्या डोक्यात. चौदा महिन्यांची गोष्ट एका माणसाबरोबर एसटीत बसून निघून गेली.

आणि गंमत अशी की हा खेळ ज्यांनी प्रथम मांडला त्यांना ही अडचण ठाऊक होती. जुन्या नियमपुस्तकांत खेळणाऱ्यांपैकी एकाने सर्वांच्या वतीने बोलण्याचे काम घ्यावे अशी योजना होती. सगळे एकदम ओरडू लागले तर सांगणाऱ्याने ऐकायचे कोणाचे? १९८१ च्या प्राथमिक पुस्तकात तर हा बोलणारा आणि त्याच्या जोडीला नकाशा काढणारा, अशी दोन कामे स्पष्ट नेमून दिलेली आहेत. सांगणाऱ्याने फक्त तोंडाने वर्णन करायचे, "उत्तरेला वीस फूट बोळ, मग डावीकडे दार," आणि खेळणाऱ्याने चौकटीच्या कागदावर ते उतरवायचे. नकाशा चुकला तर वाट चुकली, आणि तीही गोष्टीत जमा! पुढच्या आवृत्त्यांतून ही पदे हळूहळू गळून पडली आणि सांगणाऱ्याच्या डोक्यावरचा बोजा वाढत गेला.

दूर कशाला, आपल्या रंगभूमीचा इतिहास पाहा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सारी पदे सूत्रधार म्हणत असे. पात्रे त्या अनुरोधाने हालचाली करीत आणि भाषणे आयत्या वेळी सुचतील तशी बोलत. सूत्रधाराचा घसा बसला की नाटक बसले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक लावले आणि पदे ज्याची त्याच्या तोंडी दिली. शकुंतलेचे गाणे शकुंतलेने म्हणायचे. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण ही मोठी वाटणी होती, आणि माझ्या मते संगीत नाटकाचे वैभव इथून सुरू झाले. अण्णासाहेब १८८५ साली वारले. मंडळी मात्र पुढे कित्येक दशके चालली. तिच्यातल्याच माणसांनी १९१३ मध्ये गंधर्व मंडळी काढली, १९१८ मध्ये बलवंत मंडळी काढली. फुटून काढल्या, हे मान्य. पण फुटून निघालेल्यांना स्वतंत्र मंडळी चालवता येत होती, ती आधीच्या घरात कामे केली होती म्हणून.

दक्षिण कोकणातला दशावतार तर या नव्या खेळाचा सख्खा चुलतभाऊ शोभेल. परंपरेने त्याला लिहिलेली संहिता नाही. खेळापूर्वी कथानक सांगितले जाते, कोणी कोणते पात्र घ्यायचे ते ठरते, आणि मग जत्रेच्या रात्री देवळासमोर पहाटेपर्यंत प्रत्येक नट आपले संवाद आपणच रचतो. आपला चेहराही आपणच रंगवतो. कथानक सांगणारा आत येऊन कोणाच्या ओठांना रंग लावीत बसत नाही! मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर अशी नावे पिढ्यान् पिढ्या चालतात त्याला देवाची कृपा म्हणा हवे तर. मी त्यातला काही वाटा या व्यवस्थेला देईन.

आमच्या गावात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एकांकिका स्पर्धा होतात. तिथे पडद्यामागे जाऊन पाहावे. प्रकाश एकाकडे, संगीत दुसरीकडे, सामानाची यादी हातात घेऊन तिसरा उभा. हीच कॉलेजातली मुले. तीच रविवारी टेबलाभोवती बसली की हे सारे विसरतात, कारण हा 'खेळ' आहे आणि खेळाला कसली आली व्यवस्था, अशी समजूत.

आता कामे वाटायची म्हणजे काय, यावरही थोडे बोलले पाहिजे, कारण वाटण्याचे सोंग करणारे न वाटणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. "सगळ्यांनी मिळून बघू या" हे वाक्य बैठकीत बंद केले पाहिजे. सगळे म्हणजे कोणीही नाही. कामाला एक नाव हवे. दुसरे, काम अख्खे द्यावे. तारीख ठरवण्याचे काम दिले तर "या रविवारी जमत नाही, खेळ नाही" असे म्हणण्याचा अधिकारही त्याबरोबर द्यावा. नुसते निरोप पोचवायला सांगितले तर ती वाटणी नव्हे, ती हमाली. आणि तिसरे, जे भल्याभल्यांना जमत नाही: दिलेले काम परत घेऊ नये. नोंदवही ठेवणाऱ्याने पहिल्या खेपेला चार ओळींत आटपले तर आपण घाईघाईने ती वही ओढून घेऊन स्वतःच्या सुवाच्य अक्षरात चार पाने भरतो, आणि मग सात जन्मांत तो पुन्हा वहीला हात लावत नाही. वर आपण म्हणायला मोकळे, "पाहा, कोणी करतच नाही!"

सगळेच वाटावे असे मात्र मी म्हणत नाही. पुढे काय दडले आहे ते गुपित आणि खेळात वाद झाला तर निवाडा, ही दोन कामे सांगणाऱ्याचीच. नियमांच्या पुस्तकातले पान दुसऱ्याने शोधून द्यावे. निर्णय एकाने द्यावा, चुकला तरी द्यावा, आणि भांडण खेळ संपल्यावर करावे. आषाढीच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदाराचा दंड वर गेला की अफाट समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढे टाळ वाजवत राहते, आणि तिची दखल घेतली जाते. एवढ्या मोठ्या जनसमुदायाला तक्रारीची वेळ आणि जागा ठरवता आली, सहा जणांना येऊ नये?

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या सांगण्यावरून एका टोळक्याने कामे वाटली. नकाशा मुलाकडे, नियम मुलाकडे, हिशेब मुलाकडे. आणि दोन मुली होत्या त्यांच्याकडे चहा आणि खाऊ! त्यांतली एक वास्तुकलेचे शिक्षण घेते आहे, बोळ आणि दारे कागदावर उतरवणे हा तिचा रोजचा उद्योग. कोणाच्या लक्षातही आले नाही. तिच्याही नाही, हे अधिक वाईट. सवयीने झालेली वाटणी ही वाटणीच नव्हे. मी तसे बोललो, तेव्हा थोडी कुजबूज झाली आणि नकाशा तिच्याकडे गेला. चहा आता आळीपाळीने होतो. मुलांचा चहा बेताचा असतो, पण पिववतो.

आणि वाचकहो, हा अंक ज्या घरात उघडला गेला आहे तिथेही जरा पाहा. समोरच्या ताटलीतली चकली कोणी केली? भाजणी कोणी भाजली, करंज्यांचे सारण कोणी केले, रात्री साडेअकराला कढईसमोर कोण उभे होते? बहुतेक घरी एकच नाव येईल, आणि त्याच नावापुढे आपण भरल्या तोंडाने म्हणू, "तिच्या हाताची सर कोणाला नाही, ती आहे म्हणून दिवाळी आहे." तेच सत्काराचे वाक्य! शाल-श्रीफळ तेवढे नाही. भाजणीत तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडीद किती, हे घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? माझ्या पाहण्यातल्या दोन घरांतली चकली आईबरोबर गेली. आता तिथे विकतचे डबे येतात, आणि ते खाताना सगळे हळहळतात. सोऱ्या दाबायला कोणी का बसले नव्हते, ते मात्र विचारायचे नाही.

"दुसऱ्याला माझ्यासारखे जमत नाही," हा या साऱ्या खांबांचा शेवटचा बचाव. खरेच आहे, जमत नाही. पहिल्या वर्षी चकली मऊ पडेल, नकाशातले दार उलट्या भिंतीत निघेल, तारखेचा घोळ होऊन तिघे एका घरी आणि तिघे दुसऱ्या घरी जातील. त्या मोडलेल्या मंडळातल्या मुलीने यंदा आषाढात नवे मंडळ धरले. पहिल्या चार रविवारी हेच सारे झाले. नोंदवही एका नववीतल्या अबोल मुलाकडे आहे. त्याचे शुद्धलेखन भयंकर आहे. 'गुहा' तो दर वेळी निराळ्या तऱ्हेने लिहितो. मी मास्तर असून तांबडी पेन्सिल खिशातच ठेवली आहे. गेल्या महिन्यात सांगणारी मुलगी तापाने पडली, तेव्हा उरलेल्या पाच जणांनी ती वही मध्ये ठेवली, मागचे तीन प्रसंग वाचून काढले, आणि दुसऱ्या एकाने गोष्ट पुढे सांगितली. तिने बरी झाल्यावर पहिले वाक्य उच्चारले ते असे: "माझ्या अजगराला कोणी मारलं?"