दुपारनंतर थकणारं सॉफ्टवेअर

सकाळी ग्रंथालय उघडल्यावर देवघेवीचं काम झपाट्यानं चालतं. बारकोड वाचणाऱ्या यंत्राची लाल रेघ पुस्तकावर पडते, टुक् आवाज होतो, पुस्तक सभासदाच्या नावावर चढतं. दुपार उलटली की तोच संगणक रेंगाळतो. खातं उघडता उघडत नाही, पडदा पांढरा होतो, रांग वाढत जाते. शेवटी कर्मचारी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करतो आणि वाचकाला सांगतो, "नेट स्लो आहे." बऱ्याचदा बिचाऱ्या नेटचा त्यात काहीच दोष नसतो.

वाचकाचं खातं उघडताना त्याचं नाव, नावावरची पुस्तकं, दंड, राखून ठेवलेली पुस्तकं या सगळ्यासाठी प्रोग्राम रॅममध्ये जागा घेतो. खातं मिटल्यावर ती जागा मोकळी व्हायला हवी. कोडमध्ये कुठेतरी तिचा धागा धरून ठेवला गेला, तर ती अडकून पडते. एका वाचकामागे हा अडकलेला भाग नगण्य असतो, पण दोनशे-तीनशे वाचक झाले की संगणकाचा श्वास कोंडतो. यालाच मेमरी लीक म्हणतात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यानं आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी 'एव्हरग्रीन' हे मुक्त सॉफ्टवेअर लिहून घेतलं. सप्टेंबर 2006 मध्ये अडीचशेहून अधिक ग्रंथालयं एकदम त्यावर आली. काम मोठ्या धाडसाचं होतं. पण काउंटरवरच्या संगणकात चालणारा त्याचा प्रोग्राम मोझिलाच्या 'झूल' तंत्रावर उभा होता आणि घेतलेली मेमरी तो नीट सोडत नसे. अधूनमधून बंद करा, पुन्हा उघडा, हाच तिथल्या कर्मचाऱ्यांचा उपाय. 2017 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत ब्राउझरवर चालणारा नवा प्रोग्राम रोजच्या वापराला तयार झाला. तोवर अकरा वर्षं गेली होती.

आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत वापरलं जाणारं 'कोहा' मूळचं न्यूझीलंडचं. ते पर्ल भाषेत लिहिलेलं आहे. त्याला वेग देणारी 'प्लॅक' ही व्यवस्था काही प्रक्रिया सतत जाग्या ठेवते आणि जागी राहिलेली प्रक्रिया हळूहळू फुगत जाते. म्हणून कोहाच्या मूळ मांडणीतच अशी सोय आहे, की पन्नास विनंत्या हाताळल्या की जुनी प्रक्रिया निवृत्त होते आणि तिच्या जागी नवी येते. दुखणं मान्य करून केलेला हा इलाज आहे, आणि तो माणसाच्या बोटांवर न ढकलता यंत्रावर सोपवला आहे, हे महत्त्वाचं.

काउंटरवरची बंद-चालू मात्र निरुपद्रवी नसते. परतीची नोंद जतन होण्याआधीच प्रोग्राम गोठला, तर पुस्तक कपाटात जातं आणि खात्यावर तसंच राहतं. महिन्याभरानं त्याच वाचकाला विलंब शुल्क सांगितलं जातं. नियमानं पुस्तक परत करणाऱ्या माणसावर संशय यावा, हे ग्रंथालयाला शोभत नाही.

गल्लत खरेदीपासूनच होते. विक्रेता येतो, अर्ध्या तासात चार पुस्तकं देऊन-घेऊन दाखवतो, समिती होकार देते. गळती अर्ध्या तासात दिसतच नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालांतही त्यांच्याकडून सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, संगणकीकरण पूर्ण की अंशतः आणि ते कोणत्या वर्षी झालं, हे भरून घेतलं गेलं. संध्याकाळी पाच वाजता ते कसं चालतं, हा रकाना नव्हता. तो असायला हवा. निवडीआधी एक पूर्ण दिवस, खऱ्या गर्दीत, एकदाही बंद न करता सॉफ्टवेअर चालवून पाहायची अट घालावी.

आणि ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे, त्यांनी काउंटरवर एक वही ठेवावी. दर दोन तासांनी टास्क मॅनेजर उघडून प्रोग्रामनं किती मेमरी घेतली ते पाहावं आणि वेळ व तोवर झालेली देवघेव यांच्यासह लिहावं. आठवडाभराची अशी पानं विक्रेत्यापुढे ठेवली, तर "तुमचा संगणक जुना आहे" एवढ्या उत्तरावर त्याला सुटता येणार नाही. कोहाच्या तक्रारी तर जाहीर नोंदवहीत टाकता येतात, कुणालाही वाचता येतात. मराठी ग्रंथपालांनी लिहिलेल्या नोंदी तिथे वाढायला हव्यात.