बक्षीसपत्राआडची विषमता

तेरेखोल खाडीच्या एका काठावर सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा आहे, तर पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. दोन्हीकडच्या बोली जवळच्या, सोयरीकही जुनी. परंतु बापाच्या मालमत्तेत मुलीचे स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर मात्र खाडी ओलांडताच बदलते. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या आणि २०१२ च्या वारसा कायद्याने कायम ठेवलेल्या नियमानुसार गोव्यातील बापाला आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मर्जीप्रमाणे देता येतो. उरलेला अर्धा मुलगा-मुलगी असा भेद न करता अपत्यांसाठी राखीव असतो व बक्षीसपत्राने तो बुडविता येत नाही.

आरोंद्यात असे बंधन नाही. स्वकष्टार्जित जमीन व घर बाप एका कागदाने एकट्या मुलाच्या नावे करू शकतो. पती, पत्नी, मुले व नातवंडे यांना निवासी वा शेतीची मालमत्ता बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये, अशी सवलत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दिली. एखाद्या विधवेला आपले कौलारू घर मुलीच्या नावे करता यावे, यासाठी ती योग्यच आहे. परंतु प्रेमापोटी शुल्क सोडणारे शासन त्या प्रेमातून कोण वगळले गेले, हे विचारीत नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये दिला. हा हक्क जन्माने मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. कायद्याने दिलेले हे दान घरात परत घेतले जाते ते हक्कसोडपत्राने. वडील वारले की वारसनोंद होते, सातबारावर बहिणींची नावे चढतात आणि चवथीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कागद ठेवला जातो. लग्नात खर्च केला, आता वाटा कशाला, असा सवाल होतो. नाही म्हटले तर माहेरचा उंबरठा बंद होईल, हे ती जाणते. जिला नकार देण्याची मुभा नाही, तिच्या सहीला स्वेच्छा म्हणणे ही न्यायाची थट्टा होय. उद्या नवऱ्याने टाकले वा वैधव्य आले, तर तिला हक्काची पडवीही उरत नाही.

जमिनीचे तुकडे होतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु तुकडे टाळण्यासाठी धाकट्या भावाने हक्क सोडावा, असे कोणी सुचवीत नाही. आईवडिलांना ज्याने सांभाळले त्याचे श्रम वाटणीत अवश्य धरावेत. मात्र ते उघडपणे, कागदावर मांडून.

गोव्यातही मुलींकडून हक्क सोडवून घेतले जातात, हे मान्य केले पाहिजे. कायद्याने रूढी एका दिवसात मरत नाही. तरीही राखीव वाटा असला की लढायला जमीन तरी पायाखाली राहते. म्हणून महाराष्ट्रातही सर्व अपत्यांसाठी असा वाटा राखावा आणि कोणत्याही स्त्रीचे हक्कसोडपत्र नोंदविण्यापूर्वी तिच्या हिश्श्याचे मोल तिला एकटीला, लेखी समजावून सांगावे, ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे.

पण मागणीची सुरुवात घरापासून व्हावी. कसेल त्याची जमीन, ही घोषणा ज्यांनी दिली त्यांच्या शेतात लावणी स्त्रियांनीच केली. समतेवर व्याख्यान देण्यास निघालेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने निघण्यापूर्वी आपला सातबारा उघडून पाहावा. त्यावर बहिणीचे नाव नसेल, तर ते कोणी व कसे काढले, याचा जबाब प्रथम त्यानेच दिला पाहिजे.