अंध विद्यार्थ्याचा संगणक : निवड कोणीं करावी?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आंबवड्याचे एक गृहस्थ भोरच्या बाजारांतून परततांना आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा जन्मांध असून पुण्यास अंधशाळेंत शिकतो. कोणा दात्यानें त्यास एक जुना संगणक दिला होता. त्यावरील विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली, व अकरावी आवृत्ति त्या यंत्रास झेपेना. म्हणून दुकानदारानें त्यावर लिनक्सची एक ‘अगदीं हलकी’ मांडणी बसवून दिली. यंत्र पूर्वींपेक्षां जलद चालूं लागलें, परंतु त्या दिवसापासून तें मुकें झालें. “गुरुजी, पडदा झकास दिसतो म्हणतात, पण माझ्या पोराला पडद्याचा काय उपयोग?” असें त्यांनीं विचारिलें. ह्या प्रश्नास माझ्यापाशीं त्या दिवशीं उत्तर नव्हतें. पुढें शोध करतां जें समजलें, तें पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या कानीं घालावें म्हणून हा लेख.

संगणकावर एकाच वेळीं अनेक कामें उघडलेलीं असतात. प्रत्येक कामाच्या चौकटीस खिडकी म्हणतात. कोणती खिडकी वर असावी, कोणती मागें जावी, कोणती मिटावी, हें पाहणारा जो कार्यक्रम, त्यास विंडो मॅनेजर असें नांव आहे. डोळसांस त्याची जाणीवही नसते. वाड्यांतल्या जुन्या कारभाऱ्याप्रमाणें तो आपलें काम गुपचूप करीत असतो. अंध मनुष्यास मात्र हा गुपचूपपणाच नडतो. संगणकावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमास स्क्रीन रीडर म्हणतात. तो पडद्याकडे पाहून वाचतो अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः खिडक्या व त्यांतील कार्यक्रम त्यास आंतून वर्दी देतात, आणि ती वर्दी तो बोलून दाखवितो. ज्या मांडणींत वर्दी देण्याची सोयच नाहीं, तेथें उत्तमांतला उत्तम वाचकही गप्प बसतो. आंबवड्याच्या यंत्राचें हेंच झालें होतें. दोष वाचकाचा नव्हता, कारभाऱ्याचा होता.

लिनक्सवर ऑर्का नांवाचा विनामूल्य स्क्रीन रीडर आहे. ग्नोम ह्या मांडणीशीं त्याचें चांगलें जुळतें. तेथें विंडोज-चिन्हाची कळ, आल्ट व एस एकदम दाबल्यास तो बोलूं लागतो. परंतु ग्नोम जुन्या यंत्रास जड पडतें. ग्नोमची जुनी, दुसरी आवृत्ति आवडणाऱ्यांनीं माटे ह्या नांवानें तीच परंपरा पुढें चालविली आहे. ती बरीच हलकी असून ऑर्काशीं तिचेंही चांगलें जमतें. त्यांत आल्ट कळ धरून टॅब दाबीत गेलें असतां एकेका खिडकीचें नांव ऐकूं येतें. मराठी मजकूर वाचण्यास ईस्पीक हा आवाज आहे. तो यांत्रिक व रुक्ष आहे खरा, परंतु सवयीनें कानास समजूं लागतो.

येथें माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. आय-थ्री, रॅटपॉयझन असे कांहीं विंडो मॅनेजर केवळ कळफलकावर चालतात; त्यांस माऊसची गरज नाहीं. तेव्हां अंधांस हेच सर्वांत सोयीचे, असें मीं त्या गृहस्थांस प्रथम सांगून टाकलें. परंतु कळफलकानें चालणें निराळें व बोलणें निराळें. आय-थ्रीमध्यें उघडलेल्या खिडकींतील मजकूर ऑर्का वाचीलही. पण आपण एका दालनांतून दुसऱ्यांत आलों, हें सांगणारी जी खालची पट्टी, तिला वाचा नाहीं. आंबवड्याचा झुलता पूल पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यावरील एक फळी नीट बसविली व दुसरी मुळींच बसविली नाहीं, तर जो पाहून चालतो तो ती चुकवील. जो चाचपून चालतो त्याचें काय?

ह्या बाबतींत आपल्या पुण्यांतच वाढलेल्या एका गणितज्ञाचें उदाहरण विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. श्री. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ सालीं पुण्यास झाला. चौदा वर्षांच्या वयांत काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. नौरोसजी वाडिया कॉलेजांत गणिताची पदवी, मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें पुढील शिक्षण, व १९९४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा क्रम आहे. १९९५ मध्यें त्यांनीं ईमॅकस्पीक हा कार्यक्रम जगास विनामूल्य दिला. त्यांतील विचार मोठा मूलगामी आहे. पडद्यावर महिन्याचें कोष्टक असलें तर सामान्य वाचक ‘एक, दोन, तीन’ अशी ओळच्या ओळ म्हणत जातो. डोळसास मात्र कोष्टकांत वारही दिसतो. ईमॅकस्पीक कोष्टक वाचीत न बसतां वार, तारीख व महिना एकत्र सांगतो. म्हणजे पडदा न वाचतां अर्थ वाचतो. ज्यास पडदा दिसतच नाहीं, त्यानें खिडक्यांच्या आराशींत कां फिरावें, असा हा रोकडा विचार आहे. तो मला पूर्णपणें पटतो. तरीही शाळकरी मुलास आरंभींच ईमॅकस्पीक द्यावें असें मी म्हणणार नाहीं. तें शिकण्यास कठीण आहे, आणि वर्गांतील इतर मुलें जे कार्यक्रम वापरतात तेच ह्यासही वापरतां आले पाहिजेत. नाहीं तर तो एकाकी पडेल.

कोणी म्हणतील कीं, हल्लीं मोबाईलही बोलतो, मग संगणकाची एवढी यातायात कशाला? निरोप वाचण्यास मोबाईल पुरेसा आहे. परंतु दहा पानांचा निबंध लिहून तो तपासणें व सुधारणें, किंवा कचेरींतील हिशेबाचें कोष्टक भरणें, हीं कामें कळफलकाखेरीज नीट होत नाहींत. आणि उद्यां पोटाची भाकरी ह्याच कामांवर मिळावयाची आहे.

आतां मुख्य मुद्दा. अंधांसाठीं साधन निवडण्याचा अधिकार डोळसांनीं आपल्याकडे घेतला, म्हणजे काय होतें हें इतिहासांत नमूद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस येथें अंधांसाठीं शाळा निघाली, तेव्हां साधींच रोमन अक्षरें कागदावर उठावानें छापीत. डोळस शिक्षकांस तीं सहज वाचतां येत, म्हणून तींच उत्तम ठरलीं. मुलांच्या बोटांस तीं मंदपणें व कष्टानें लागत. त्याच शाळेंतील अंध विद्यार्थी लुई ब्रेल यानें आपली ठिपक्यांची लिपि १८२९ मध्यें प्रसिद्ध केली. तिचा रीतसर स्वीकार होण्यास १८५४ साल उजाडलें, आणि तोंपर्यंत ब्रेल निवर्तला होता. मिशनच्या शाळांनीं आपल्या देशांत हें काम लवकर हातीं घेतलें : अमृतसर येथें १८८७ मध्यें कुमारी अॅनी शार्प यांनीं, व मुंबईस १९०० मध्यें अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी अॅना मिलर्ड यांनीं अंधांसाठीं शाळा काढल्या. परंतु साऱ्या भारतीय भाषांस मिळून एक भारती ब्रेल ठरण्यास १९५१ साल यावें लागलें.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, शाळेनें अथवा पालकांनीं अंध मुलासाठीं यंत्र घेतांना ‘हलकें’, ‘नवें’, ‘देखणें’ हीं विशेषणें बाजूस ठेवावीं, पडदा बंद करावा, माऊस काढून घ्यावा, व मुलासच यंत्रापुढें बसवावें. त्यास प्रवेश करतां आला, पत्र लिहून जपून ठेवतां आलें, दोन खिडक्यांमधून ये-जा करतां आली व शेवटीं यंत्र बंद करतां आलें, तरच तें यंत्र त्याचें. आणि एकदां बोलकें झालेलें यंत्र हौसेनें सुधारूं नये. लिनक्सवर खिडक्या दाखविण्याची वेलँड ही नवी पद्धति आली, तेव्हां एका कार्यक्रमास दुसऱ्याच्या कळा ऐकूं देऊं नयेत असा तिनें नियम केला. हेतु सुरक्षिततेचा होता. परंतु ऑर्काचा सारा व्यवहारच कळा ऐकण्यावर! ग्नोममध्यें ही अडचण मार्च २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीनें दूर केली. इतर मांडण्यांत ती दूर झाली कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें तपासल्यावांचून बदल करूं नये.

आंबवड्याच्या यंत्रावर आम्हीं अखेर माटे बसविलें. दोन दिवस माझेंच त्यावर कांहीं ना कांहीं चाललें होतें. तिसऱ्या दिवशीं मुलगा आला; मीं पडदा बंद केला व त्यास बसविलें. त्यानें दोन-चार वेळां टॅब दाबली, मान तिरकी करून ऐकलें, आणि म्हणाला, “गुरुजी, तुमच्या दोन खिडक्या मागें तशाच उघड्या राहिल्या आहेत. लावूं का?”