थोडक्या खर्चाचे काम आणि पुरते कसब

पावसाळा सरून दसऱ्याचे वेध लागले, म्हणजे रंगारी, सुतार आणि पॉलिशवाले यांच्याकडे जी गिऱ्हाइके येतात, त्यांत अलीकडे एका वर्गाची लक्षात येण्याजोगी भर पडली आहे. सबंध घर रंगवून घेण्याची ऐपत किंवा सवड ज्यांना नाही, परंतु आजोबांच्या वेळचे मेज, गंज धरलेले लोखंडी कपाट, पुण्याच्या जुन्या बाजारातून अल्प किमतीत उचललेली खुर्ची अथवा माळ्यावर पडून राहिलेला पाळणा टाकून देण्यास ज्यांचे मन घेत नाही, अशी ही मध्यम स्थितीतील कुटुंबे असून, ‘चार दिवसांत होईल का, आणि थोडक्यात होईल का’, हे दोनच प्रश्न ती आपल्याला विचारतात. अशा मागणीकडे किरकोळ काम म्हणून पाहण्याचा, आणि ते हाताखालच्या नवशिक्या मुलावर सोपवून मोकळे होण्याचा जो शिरस्ता आपल्या धंद्यात पडत चालला आहे, तो आम्हांस घातक वाटतो. आणि म्हणूनच या अंकात त्याविषयी व्यवसायबंधूंशी स्पष्टपणे बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

कारागिराच्या विद्येची खरी परीक्षा थोडक्या खर्चाच्या कामातच होते, असे आमचे प्रतिपादन आहे. उंची लाकूड, भारी रंग आणि महिनाभराची मुदत जेथे हाताशी असते, तेथे साहित्याची प्रतच कारागिराचे अनेक दोष झाकून नेते. परंतु जुनी वस्तू, बेताचे पैसे आणि मोजके दिवस एवढ्याच भांडवलावर टिकाऊ काम उभे करावयाचे असेल, तर हात कोठे आखडावा आणि कोठे मुळीच आखडू नये, हा विवेक ज्याच्या अंगी मुरला आहे त्यालाच ते साधते.

एका साध्या हिशेबाने हे पटावे. गोदरेज यांनी १९२३ साली पोलादी कपाटे करण्यास आरंभ केला, त्याला शतक उलटून गेले, आणि या काळात असे कपाट आले नाही असे मध्यमवर्गीय घर विरळा. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल अशा कपाटाचा बाहेरचा पृष्ठभाग, पाठ आणि तळ वगळता, सुमारे ४४ चौरस फूट भरतो, आणि दोन हात धरले तरी एनॅमलचा एक लिटरचा डबा त्याला पुरतो. तेव्हा रंग हलक्या प्रतीचा घेऊन गिऱ्हाइकाचे जे पैसे वाचतात ते नगण्यच होत. खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा, आणि त्या मजुरीतलाही मोठा वाटा पूर्वतयारीचा असावयास पाहिजे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने वर्षानुवर्षांचा ओशटपणा काढून कपाट कोरडे करणे, तारेच्या ब्रशाने गंज उतरविणे, पॉलिश पेपर मारून जुन्या रंगाची चकाकी मोडणे, उघड्या पडलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर देणे, पोचे आलेल्या जागी लांबी भरून ती घासून घेणे, आणि यानंतरच रंगाला हात घालणे, हा क्रम आपल्यापैकी प्रत्येकास तोंडपाठ आहे. तथापि घाई झाली की पहिली कात्री याच क्रमावर चालते, कारण तयार कपाटात तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दिवाळीला झळकणारा रंग पुढच्या आषाढात पोपडे धरू लागतो, आणि गिऱ्हाईक त्याचा दोष रंगाच्या कंपनीला देते. अस्तराविना गंजावर दिलेला रंग कितीही भारी असला तरी सुटणार, हे त्याला ठाऊक नसते. आपल्याला ते ठाऊक असते, आणि म्हणून ती जबाबदारी आपली.

लाकडाच्या बाबतीत हा विवेक याहून सूक्ष्म असावा लागतो, कारण तेथे पुष्कळदा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद उपाय म्हणजे रंग न देणे हाच असतो. जुन्या सागवानी वस्तूवरचे पॉलिश मळकट दिसले म्हणून ती थेट खरवडावयास घेणे हा अविचार होय. वस्तूच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा टेकवून पाहावा. पॉलिश मऊ होऊन बोटाला चिकटू लागले, तर ते चपडा लाखेचे आहे असे समजावे. लाखेचा गुण असा की तिचा नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, सबब खालपर्यंत खरवडण्याची गरजच उरत नाही. मळ पुसून काढावा, हलका पॉलिश पेपर फिरवावा आणि पातळ चपड्याचे दोनतीन हात द्यावेत, एवढ्याने एका दिवसात मेजाला पूर्वीचे तेज येते. मात्र हवेत ओल असताना हे काम हाती घेऊ नये, कारण दमट हवेत लाखेचे पॉलिश पांढरट पडते. सांध्यांविषयीही हेच म्हणावे लागेल. १९५९ साली फेव्हिकॉल निघण्यापूर्वीच्या वस्तूंचे सांधे बहुधा सरसाने जोडलेले आढळतात, आणि सरस ऊन पाण्याने मऊ होतो. डुगडुगणारी खुर्ची ठोकून बसविण्याऐवजी सांधा ऊन पाण्याच्या फडक्याने सोडवावा, जुना सरस धुऊन काढावा, लाकूड वाळू द्यावे आणि नव्याने जोडून रात्रभर आवळून ठेवावे. खिळ्याने तो सांधा आठ दिवस धरतो आणि लाकूड मात्र कायमचे फाटते.

सागवानावर फिका रंग चढवून घेण्याची हौस सध्या पुष्कळांना आहे. ज्या वस्तूचे पॉलिश शाबूत आहे आणि लाकूड निर्दोष आहे, तिच्या मालकाला, रेषांत शिरलेला रंग पुढे पुरता निघत नाही, ही गोष्ट आगाऊ सांगणे आपले कर्तव्य आहे. त्याउपर त्याची मर्जी. प्लायवूड, आंब्याचे लाकूड अथवा खोक्यांच्या फळ्या यांपासून केलेले फडताळ मात्र रंगाने खुलते, आणि हौशी गिऱ्हाइकाला तिकडे वळविणे हिताचे. सागावर रंग द्यावयाचाच झाला, तर त्याच्या अंगचे तेल थिनरने पुसून काढल्यावाचून अस्तर धरत नाही, हे हाताखालच्या मुलांना पुनःपुन्हा सांगत राहावे.

भिंतीच्या एखाद्या कोपऱ्याचे काम निघाले, तर खालचे पोत पाहिल्याशिवाय डबा उघडू नये. कोकणातल्या चिऱ्यांच्या आणि जुन्या चुन्याच्या भिंतींवर प्लास्टिकचा रंग चढविला की आतली ओल कोंडते आणि गिलावाच फुगून येतो; तेथे चुन्याची सफेदी हीच योग्य, स्वस्तही तीच. रंग हवाच असेल तर चुन्यात काव मिसळावी, कारण लोहाचा हा रंग चुन्याच्या क्षाराला दबत नाही, आणि कोकणातील व गोव्यातील देवळांच्या भिंतींवरील काव-चुन्याच्या नक्षीत त्याचा दाखला आहे.

आता ज्या एका कलमाबाबत कोणतीही सवलत देता येणार नाही, त्याकडे वळतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असे नियम केंद्र सरकारने २०१६ साली केले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आले. त्यापूर्वी रंगविलेल्या वस्तूंत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल एनॅमलमध्ये, शिसे असेल असे धरूनच चालले पाहिजे. असा रंग कोरडा घासला, की त्याची धूळ हवेत मिसळते, जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातांवाटे त्याच्या पोटात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम पुढे भरून निघत नाही. तेव्हा जुना रंग वॉटर पेपरने, पाणी मारीतच घासावा. दिवटीने जाळून तो काढू नये. खाली प्लास्टिक अंथरावे, काम संपताच जमीन ओल्या फडक्याने पुसावी, आणि गर्भवती स्त्रिया व मुले यांना त्या खोलीत येऊ देऊ नये. घासणाऱ्या मुलाच्या तोंडावर धुळीचा योग्य मुखवटा असावा, आणि हात धुतल्याशिवाय त्याने चहाच्या कपाला शिवू नये. पाळण्याच्या बाबतीत आमचा सल्ला याहून कडक आहे: त्यावरचा रंग जुना असेल आणि तो ओला घासून पुरता काढण्याइतकी मुदत व मजुरी मिळत नसेल, तर ते काम नाकारावे. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकण्याची सवयही सोडली पाहिजे, कारण ते आपोआप तापून पेट घेतात; ते पाण्यात भिजवावेत किंवा उघड्यावर सुटे पसरून वाळवावेत.

हे सारे करावयाचे आणि वर स्वस्तही द्यावयाचे, ते कसे, असा प्रश्न व्यवसायबंधू विचारतील, आणि तो रास्त आहे. आमची तजवीज अशी, की अंदाजपत्रकात पूर्वतयारीची मजुरी रंगाच्या मजुरीपासून वेगळी मांडावी. धुणे, घासणे, अस्तर, लांबी आणि रंग यांचे आकडे स्वतंत्र दिसले, म्हणजे आपण कशाचे पैसे देत आहोत हे गिऱ्हाइकाला उमगते, आणि काटकसर करावयाचीच झाली तर ती कोठे करावी याची बोलणी उघडपणे होतात. वस्तू धुऊन कोरडी करण्याचे काम पुष्कळ कुटुंबे आनंदाने अंगावर घेतील. तेवढी मजुरी वजा करावी. अन्य कामांतून उरलेला चांगला रंग फडक्यातून गाळून अल्प किमतीत द्यावा, आणि दोन घरांच्या किरकोळ वस्तू एकाच वेळी हाती घ्याव्यात, म्हणजे एकीचे अस्तर वाळेपर्यंत दुसरी घासून होते. वेळ वाचवावयाचा तो अशा आखणीतून. दोन हातांमधली वाळण्याची मुदत तोडून वाचविलेला वेळ दुरुस्तीच्या खेपांत दुपटीने परत जातो.

या दिवाळीत प्रत्येक कारखान्याने आपले असे एक तरी काम, पूर्वतयारीच्या वेगळ्या हिशेबासह, या मासिकाकडे लिहून पाठवावे, अशी आमची विनंती आहे. आलेल्या हिशेबांवरून किरकोळ कामांचे एक सर्वमान्य दरपत्रक तयार करून पुढील अंकांतून ते प्रसिद्ध करण्याचा आमचा मानस आहे. बेताच्या मिळकतीच्या माणसाला आपली जुनी वस्तू निर्धास्तपणे ज्याच्या स्वाधीन करता येते, त्या कारागिराला काम शोधीत हिंडावे लागत नाही, अशी आमची पक्की खात्री आहे, आणि हा विश्वास कमावण्याचे साधन किरकोळ म्हणून हेटाळलेल्या या कामांतच आपल्या हाती आले आहे.