लॅपटॉपला फोनची वायर!



गेल्या आठवड्यात मी एक जुना लॅपटॉप कासूला आमच्या वर्गात नेला होता. एका चौकस मुलीने त्याच्या कडेची दोन चौकोनी भोकं बरोबर हेरली. "बाई, मोठ्यात नेटची केबल जाते. मग छोट्यात काय घालायचं?"

छोट्यात चक्क घरच्या टेलिफोनची वायर! कारण लॅपटॉपच्या पोटात मोडेम असायचा.

कॉम्प्युटरला कळतात फक्त ० आणि १. टेलिफोनची लाइन मात्र माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. मग मोडेम त्या ० आणि १ चे आवाज करून पाठवायचा. पलीकडचा मोडेम ते ऐकून पुन्हा ० आणि १ करायचा. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर मिळून झाला मोडेम! नंबर लागला की दोघे आधी ची-ची, खर्र-खर्र करत. किती वेगाने बोलायचं, ते ठरवत असत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही असंच फोनवरून. मुंबईकराला लोकल कॉल पुरे. बाहेरगावाहून मुंबईचा नंबर लावायचा, तर एसटीडीचे पैसे!

२००३ साली मी सहावीत होते. आम्ही पनवेलला, आजी कासूला. बाबांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर इंटरनेट लावलं की घरचा फोन एंगेज. एका संध्याकाळी मी कोणाला न विचारता दीड तास चित्रं बघत बसले. नेमके तेव्हाच काका फोन लावत होते. आजीला दवाखान्यात नेलं होतं! आम्हाला कळलं रात्री उशिरा, आणि पोचलो दुसऱ्या दिवशी सकाळी. आजी बरी झाली. "फोन का लागत नव्हता गं?" एवढंच तिने विचारलं. मला मान वर करता येईना.

आता इंटरनेट चालू असतानाही फोन लागतो. पण मोबाईलमध्ये डोकं घातलेलं असताना आजीची हाक आपल्याला ऐकू येते का? की आपणच एंगेज असतो? बघा बरं विचार करून.

आता एक गणित. या मोडेमचा जास्तीत जास्त वेग होता सेकंदाला ५६,००० बिट. ८ बिट म्हणजे १ बाइट. तर ७० लाख बाइटचं एक गाणं उतरवायला निदान किती वेळ लागेल?

(उत्तर: १,००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद.)

– तुमच्या बाई