दातांसाठी सीमेपलीकडे

'हल्लु इद्दाग कडले इल्ल, कडले इद्दाग हल्लिल्ल.' आपल्या भागातल्या कन्नड घरांत ही म्हण हमखास ऐकू येते आणि शेजारच्या मराठी घरात तीच म्हण 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' अशी भेटते. सासू शहापूरची आणि सून धारवाडची असली तरी या एका बाबतीत दोघींचे एकमत! गेल्या काही वर्षांत मात्र या म्हणीला एक नवे शेपूट जोडावे लागेल. चणे आहेत, पैसेही आहेत, तरी आपल्या देशात दात परवडत नाहीत म्हणून माणसे सीमा ओलांडू लागली आहेत. आणि ही माणसे गरीब देशांतली नाहीत, तर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रिया अशा श्रीमंत देशांतली आहेत.

मेक्सिकोच्या उत्तर टोकाला, अमेरिकेच्या हद्दीला अगदी चिकटून, लॉस अल्गोडोनेस नावाचे एक छोटे गाव आहे. अल्गोडोन म्हणजे कापूस. पण आज हे गाव कापसासाठी नव्हे, तर दाढांसाठी ओळखले जाते. अमेरिकन लोक त्याला 'मोलर सिटी' म्हणजे दाढांचे शहर म्हणतात. वस्ती जेमतेम काही हजारांची आणि दातांचे डॉक्टर मात्र शेकड्यांनी! आपल्या खडेबाजारात जशी ओळीने कापडाची दुकाने, तसे तिथे ओळीने दवाखाने. मधे चष्म्याची आणि औषधांची दुकाने, आणि दातांच्या टोप्या बनवणाऱ्या प्रयोगशाळाही तिथेच. अमेरिकेच्या बाजूला क्वेचान या आदिवासी जमातीच्या जमिनीवर मोठा वाहनतळ आहे. तिथे गाडी लावायची आणि चालत सीमा ओलांडायची. हिवाळ्यात थंड प्रदेशांतले निवृत्त अमेरिकन आणि कॅनडाचे आजी-आजोबा ॲरिझोनाच्या उबेत मुक्कामाला येतात, तेव्हा परतीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागते. हातात पासपोर्ट आणि गालात कापसाचा बोळा!

अर्थशास्त्र शिकवताना मुलांना हे उदाहरण दिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, अमेरिकेत तर विमा असतो ना?" असतो. पण १९६५ साली ज्येष्ठांसाठी मेडिकेअर योजना आली तेव्हा नेहमीचे दातांचे उपचार तिच्यातून वगळले गेले, आणि मूळ योजनेत ते आजही बहुतांशी वगळलेलेच आहेत. खासगी दंतविमा घेतला तर वर्षाला साधारण हजार ते दोन हजार डॉलरपर्यंतच भरपाई मिळते. एक इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, टोपीसह तीन ते पाच हजार डॉलरांना पडतो. असे चार दात बसवायचे म्हटले तर पेन्शनरांच्या तोंडचे पाणी पळते. तेच काम मेक्सिकोत तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात होते.

स्वस्त म्हणजे हलके, असे आपण चटकन समजतो. पण इथे तसे नाही. अमेरिकेत शिकून बाहेर पडणाऱ्या दंतवैद्याच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरांच्या आसपास शिक्षणाचे कर्ज असते. जागेचे भाडे, मदतनिसांचे पगार, दावे-खटल्यांपासून संरक्षण देणारा विमा हे सगळे शेवटी रुग्णाच्या बिलात येते. सीमेपलीकडे हे सगळेच खर्च कमी. डॉक्टरांचा हात तोच असू शकतो, भोवतालचा खर्च तेवढा बदलतो.

युरोपातही हीच कथा. हंगेरीत ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ मोशोनमज्यारोवार नावाचे, आपल्याला उच्चारताना दातखिळी बसेल असे गाव आहे. वस्ती तीस हजारांच्या आसपास. १९८९ मध्ये पोलादी पडदा उठला आणि तासाभराच्या अंतरावरच्या व्हिएन्नातून दातांचे रुग्ण येऊ लागले. पुढे स्वस्त विमाने आली आणि ब्रिटिश माणूस बुडापेस्टला जाऊ लागला. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दातांचे उपचारही मोफत होते, पण तीन-चार वर्षांतच त्यावर शुल्क आले. पुढे सरकारी दरात काम करणारा दंतवैद्य मिळणेच दुर्मीळ झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात असा एक दवाखाना नव्याने उघडला, तर नाव नोंदवायला शेकडो लोकांची रांग लागली. गर्दी आवरायला पोलीस आले. आपल्याकडे रेशनच्या रॉकेलसाठी लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

वाचकहो, दवाखान्यासाठी सीमा ओलांडणे आपल्याला नवे नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कर्नाटकातल्या कितीतरी पिढ्या उपचारांसाठी मिरजेला गेल्या. आणि चंदगडचा माणूस आजही आजारी पडला की बेळगावची एसटी पकडतो. राज्याच्या रेषेवरून कितीही वाद होवोत, दाढ ठणकू लागली की माणूस जवळचा आणि परवडणारा डॉक्टर शोधतो.

आता ही रेषा आणखी लांब गेली आहे. आपल्या गल्लीतली मुले न्यू जर्सी, लंडन, मेलबर्नला आहेत. ती डिसेंबरात घरी येतात तेव्हा त्यांच्या यादीत कुंदा, गोकाकचा करदंट, मावसबहिणीचे लग्न आणि दातांचे डॉक्टर असे सगळे एकत्र असते. तिकिटाचे पैसे धरूनही हिशोब परवडतो, कारण अमेरिकेत लाखांत जाणारे इम्प्लांट आपल्याकडे साधारण पंचवीस ते पन्नास हजारांत होते. यात वावगे काहीच नाही. पण पैशांचा हिशोब जमला तरी दिवसांचा हिशोब चुकतो, आणि खरी अडचण तिथेच होते.

इम्प्लांटचे शास्त्र स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी घडवले. टायटॅनियम धातूला हाड घट्ट धरून ठेवते, हे त्यांना प्रयोगांत दिसले आणि १९६५ मध्ये गॉथेनबर्ग शहरात त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे दात बसवले. आजही तत्त्व तेच आहे. आधी स्क्रू बसवायचा, मग हाडाने त्याला धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबायचे आणि नंतर वरचा दात लावायचा. काही निवडक रुग्णांत दात लगेच बसवता येतो, पण तो निर्णय हाडाची स्थिती पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो, विमानाच्या तिकिटावरची तारीख पाहून नव्हे. 'दहा दिवसांत सगळे करून द्या' असे म्हणणाऱ्याला नाही म्हणणारा डॉक्टर भेटला, तर तो चांगला डॉक्टर समजावा.

दुसरी गोष्ट टोप्यांची. तरुण ब्रिटिश मुले-मुली पांढऱ्याशुभ्र हास्यासाठी तुर्कस्तानला जातात आणि धडधाकट दात कानसून त्यांवर टोप्या चढवून परततात. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने याबद्दल वारंवार सावध केले आहे. दातावरचे कवच एकदा घासले की पुन्हा उगवत नाही. टोपीला आयुष्य असते, ती कधीतरी बदलावी लागते. पंचविशीत घातलेल्या वीस टोप्या म्हणजे जन्मभराचा खर्च झाला. किडलेल्या किंवा तुटलेल्या दाताला टोपी हवीच, पण चांगल्या दाताला ती शोभेसाठी नको.

म्हणून परदेशातून येणाऱ्यांसाठी चार साध्या सूचना. निघण्याच्या महिनाभर आधी दातांचा एक्स-रे आणि घेत असलेल्या औषधांची यादी इथल्या डॉक्टरांना पाठवा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा, आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दातांचे काम सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, म्हणजे काही दुखले-खुपले तर दाखवायला दिवस हाताशी राहतात. लग्नाचे जेवण झाल्यावर जाऊ, असे म्हणू नका. इम्प्लांट केले तर कंपनीचे नाव, मॉडेल आणि माप लिहिलेला कागद व सगळे एक्स-रे सोबत न्या. उद्या तिकडे स्क्रू सैल झाला तर त्या कागदाशिवाय तिथला डॉक्टर काय करणार? आणि 'पुढे काही बिघडले तर दुरुस्ती कुठे, कोणाच्या खर्चाने?' हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

उलट दिशेने जाणाऱ्या आईवडिलांनाही हेच लागू आहे. नातवंडासाठी सहा महिने अमेरिकेला जाताना आपण मसाले, लोणची, पापड सगळे आठवणीने बांधतो, पण हलणारी दाढ तशीच घेऊन जातो. पाहुण्यांसाठीचा प्रवासविमा दातांच्या नेहमीच्या उपचारांना बहुधा पैसे देत नाही. मग परमुलखात दाढ सुजली की मुलाच्या खिशाला खड्डा पडतो आणि आईला वाटते, आपण उगाच भार झालो. व्हिसा हातात आला की कपड्यांच्या खरेदीआधी दात दाखवून घ्यावेत.

हे सगळे झाले प्रवासाचे. पण मला जास्त टोचते ती गोष्ट घरातलीच आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या डिसेंबरात मुलगा अमेरिकेहून आला. त्याचे दोन रूट कॅनाल आणि तीन टोप्या झाल्या. घरात रोज त्याचीच चर्चा. त्याच घरात ऐंशीच्या पुढच्या आजी आहेत. कवळी सैल झाली म्हणून त्यांनी ती डबीत ठेवून दिली, त्याला चार वर्षे झाली. भाकरी दुधात कुस्करायची, भाजी मिक्सरमधून काढायची, शेंगदाण्याची चटणी बंद, काकडी बंद. कोणी विचारले तर म्हणतात, "वय झालं आता, दात कशाला हवेत?" घरच्यांनीही ते खरे मानले. तिघांनी मिळून दवाखान्याच्या सहा फेऱ्या मारल्या, पण आजींना रिक्षात बसवून सोबत न्यावे, हे कोणालाच सुचले नाही. त्या घरी माया कमी आहे, असे अजिबात नाही. दूरचा माणूस थोड्या दिवसांसाठी येतो, म्हणून त्याची गरज दिसते. रोज समोर असलेल्या माणसाची सवय होऊन जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साडेतीनशे कोटींच्या आसपास लोकांना दातांचे किंवा तोंडाचे विकार आहेत. म्हणजे ही काही एका घराची गोष्ट नव्हे. अमेरिकन आजोबा सीमा ओलांडतात, कारण त्यांच्या देशात उपचार परवडत नाहीत. आपल्या आजी मात्र दोन किलोमीटरवर जात नाहीत, कारण त्यांना कोणी चला म्हणत नाही. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंतवैद्यकीय महाविद्यालये आहेत, धारवाडला एसडीएम आहे, गोव्यात बांबोळीला सरकारी महाविद्यालय आहे. महाविद्यालयांच्या दवाखान्यांत अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकणारे डॉक्टर काम करतात. फेऱ्या थोड्या जास्त होतात, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. कर्नाटक सरकारने २०१४ साली दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देण्यासाठी 'दंतभाग्य' योजना आणली होती. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या आईला तिचा आज लाभ मिळू शकतो का, याची चौकशी आपण त्यांच्या वतीने करू शकतो. रेशनकार्ड घेऊन एकदा सोबत जायला आपला फार तर अर्धा दिवस जाईल.

जुनी कवळी सैल होते, कारण दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते. त्यात कवळीचा दोष नाही की आजींचा हट्टही नाही. ती आतून भरून बसती करता येते किंवा नवी करता येते. नव्या कवळीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला टोचते, बोलताना सकार घसरतो. या दिवसांत घरच्यांनी हसू नये आणि 'राहू दे, काढून ठेवा' असेही म्हणू नये. टोचते ती जागा डॉक्टरांकडून घासून घ्यावी, एवढेच.

आपल्या दोन्ही भाषांत थोरांची चौकशी जेवणापासून सुरू होते. मराठीत "जेवलात का?" आणि कन्नडमध्ये "ऊट आयतेनु?" उत्तरही ठरलेले असते, "झालं", "आयतु". येत्या रविवारी घरच्या वडीलधाऱ्यांना पुढचा प्रश्नही विचारून पाहा, "चावता येतंय ना नीट?" उत्तर यायला थोडा वेळ लागला, तर सोमवारी सकाळीच त्यांना घेऊन दवाखान्याची वाट धरा.