बोंडू आपले, नाव गोव्याचं

काल बागेत पाहुण्याने विचारलं, "या बोंडांचं काय करता?" म्हटलं, "काय करतलो? बी काढून घेतो, बोंडू टाकतो." सांगताना लाज वाटली हो.

मंडळी, तेरेखोलच्या पलीकडे हाच बोंडू तुडवून रस आंबवतात. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. पर्यटक पैसे देऊन भट्टी बघायला जातात. अलीकडे आपल्या सिंधुदुर्गात तोच बोंडू झाडाखाली कुजतो आणि आपला पाहुणा संध्याकाळी बांद्यावरून गोव्यात पळतो!

नाशिकच्या द्राक्षांसाठी २००१ मध्ये वाइन धोरण आलं. मग बोंडवासाठी लहान बागायतदाराला परवडेल, झेपेल असा परवाना का नको? 'दारूचा प्रचार' म्हणणाऱ्यांनी आधी गावात चोरून काय विकलं जातं ते बघावं. उघड, तपासलेला धंदा त्यापेक्षा बरा.

दोष आपलाही आहे. पाहुण्याला घावणे-रस, तिसऱ्यांचं सुकं सोडून पनीर वाढतो, आणि वर म्हणतो, पर्यटन वाढत नाही!

एप्रिलात माझ्या बागेत या. तो आंबूस वास बोंडवांचा नाही, आपल्या कुजलेल्या पैशांचा आहे.